काढा की गोळी? : औषधदानामागील विवेक

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



कोणत्याही जैन संस्थेच्या पन्नास वर्षांच्या कार्याचा विचार करताना आहारदान, ज्ञानदान, अभयदान यांच्या बरोबरीने औषधदानाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. रुग्णाच्या हातावर औषध ठेवणे हे पुण्यकर्म खरेच. परंतु ते औषध कोणते, किती आणि कोणाच्या सल्ल्याने, हे प्रश्न त्या पुण्यकर्माचाच भाग आहेत. म्हणूनच आजच्या व्याख्यानासाठी हा विषय निवडण्यात आला आहे : निसर्गातील औषधी आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारी औषधे.

पिंपळगाव राजा येथील कोणत्याही जुन्या घराच्या अंगणात डोकावले तर तुळस दिसते, परसात अडुळसा असतो, कडुनिंबावर गुळवेल चढलेली असते आणि कुंपणाशी सदाफुली बारा महिने फुललेली असते. त्याच घराच्या कपाटात रक्तदाबाच्या व मधुमेहाच्या गोळ्यांची पाकिटेही असतात. दोन्ही गोष्टी एकाच छपराखाली सुखाने नांदतात. अडचण उत्पन्न होते ती घरातील वडीलधारी व्यक्ती एखाद्याच्या सांगण्यावरून कपाटातील गोळ्या बंद करते आणि केवळ अंगणातील पाल्यावर विसंबते तेव्हा. रक्तदाब वाढलेला बहुधा जाणवत नाही, साखर वाढलेली चटकन कळत नाही. दोन-चार महिने बरे वाटते, ‘गोळ्यांपासून सुटका झाली’ असे कौतुकाने सांगितले जाते. आणि मग एके दिवशी पक्षाघाताचा झटका येतो, किंवा पायाची जखम भरेनाशी होते. त्या वेळी रात्री खामगावची वाट धरावी लागते. ‘नैसर्गिक ते निर्दोष आणि रासायनिक ते विषारी’ ही समजूत किती खरी, याचा शोध म्हणूनच घ्यावयास हवा.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. झाडपाला आणि गोळी ही दोन परस्परविरोधी कुळे नाहीत. पुष्कळदा गोळी ही झाडपाल्याचीच लेक असते. याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच, मुंबईत घडले आहे.

सर्पगंधा ही वनस्पती भारतीय वैद्यांना शतकानुशतके ठाऊक होती. उन्माद, निद्रानाश, सर्पदंश अशा अनेक विकारांत तिचे मूळ दिले जाई. १९३१ साली कलकत्त्यातील डॉ. गणनाथ सेन व डॉ. कार्तिक बोस यांनी या मुळाने रक्तदाब उतरतो असे नोंदविले. त्याच सुमारास दिल्लीच्या तिब्बिया महाविद्यालयात सलीमुज्जमान सिद्दीकी यांनी या मुळातून काही शुद्ध द्रव्ये वेगळी काढली आणि त्यांतील एकाला हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ ‘अजमलीन’ असे नाव दिले. पुढे मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या पन्नास रुग्णांना या मुळाच्या गोळ्या देऊन, पूर्वीचा व नंतरचा रक्तदाब मोजून, काटेकोर टिपणे ठेवली. त्यांचा निबंध १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नल या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि भारतातील एका मुळाकडे साऱ्या जगातील हृदयरोगतज्ज्ञांचे लक्ष गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्या मुळातील मुख्य द्रव्य वेगळे काढले; तेच ‘रेसर्पिन’. १९५७ साली डॉ. वकील यांना अमेरिकेतील प्रतिष्ठेचा लास्कर पुरस्कार लाभला.

येथपर्यंतची कथा ऐकून कोणाही भारतीयास अभिमान वाटेल. परंतु कथेचा उत्तरार्धही तितकाच बोधप्रद आहे. रेसर्पिनचा वापर वाढल्यावर असे दिसून आले की, विशेषतः अधिक मात्रेत ते घेणाऱ्या काही रुग्णांना तीव्र औदासीन्य येते. नाक चोंदणे, सुस्ती, पोटाच्या तक्रारी हेही त्रास नोंदले गेले. मात्रा कमी करण्यात आली आणि पुढे अधिक सुरक्षित औषधे उपलब्ध झाल्यावर रेसर्पिन मागे पडले. म्हणजे ज्या तपासणीने सर्पगंधेचा गुण जगासमोर आणला, त्याच तपासणीने तिचा दोषही दाखविला. नोंद ठेवली म्हणून दोन्ही कळले. जे औषध कधी तपासलेच गेले नाही, त्याचे दोष नसतात असे नाही. ते केवळ नोंदले गेलेले नसतात. या कथेला आणखी एक करुण बाजू आहे. मुळांसाठी इतकी रोपे उपटली गेली की रानातील सर्पगंधा दुर्मिळ झाली आणि तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले. मूळ काढले की झाड मरते, याचा विचार जीवदया मानणाऱ्याने तर अवश्य करावा.

दुसरे उदाहरण कुंपणावरच्या सदाफुलीचे. साखर कमी व्हावी म्हणून सकाळी अनशापोटी सदाफुलीची पाने वा फुले चावून खाण्याचा सल्ला गावोगाव दिला जातो. असाच समज वेस्ट इंडीजमध्येही होता. तो ऐकून कॅनडातील रॉबर्ट नोबल व चार्ल्स बीअर या संशोधकांनी १९५० च्या दशकात या पानांचा अर्क तपासला. साखरेवर त्यांना उल्लेखनीय परिणाम आढळला नाही. परंतु प्रयोगातील प्राण्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी मात्र झपाट्याने घटल्या. त्यातूनच १९५८ साली ‘विनब्लास्टिन’ हे द्रव्य हाती आले आणि पाठोपाठ ‘व्हिन्क्रिस्टिन’. रक्ताच्या कर्करोगाने पछाडलेल्या असंख्य बालकांचे प्राण या औषधांमुळे वाचले आहेत. ही औषधे रुग्णाच्या शरीराचे माप घेऊन, रक्त तपासून, शिरेतूनच आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखाली दिली जातात. कारण मात्रा थोडी चुकली तरी मज्जातंतूंना वा रक्तपेशींना इजा होते. आता विचार करावा : ज्या झाडातील द्रव्य रुग्णालयात इतक्या सावधपणे मोजून देतात, तेच झाड रोज मूठभर चावून खाणे याला निरुपद्रवी घरगुती उपाय कसे म्हणावे?

आणि ज्या मधुमेही व्यक्तीने सदाफुलीसाठी ‘मेटफॉर्मिन’ची गोळी सोडली, तिला हेही सांगावयास हवे की मेटफॉर्मिनचे मूळही वनस्पतीतच आहे. युरोपात बकरगवतासारख्या एका जुन्या औषधी वनस्पतीत साखर उतरविणारे द्रव्य सापडले. परंतु ते विषारी ठरले. त्याच जातीची, पण सौम्य अशी द्रव्ये प्रयोगशाळेत तयार करण्यात आली. मेटफॉर्मिन त्यांपैकीच एक. फ्रान्समधील डॉ. जाँ स्टर्न यांनी १९५७ साली त्याचा रुग्णांवरील उपयोग प्रसिद्ध केला. म्हणजे या रुग्णाने झाडपाला स्वीकारून रसायन टाकले असे नव्हे. पारखलेला माल टाकून न पारखलेला उचलला.

‘नैसर्गिक म्हणजे अपायरहित’ या समजुतीला अलीकडच्या काळातही धक्के बसले आहेत. करोनाच्या साथीत घरोघरी गुळवेलीचे काढे उकळू लागले. २०२१ साली मुंबईतील यकृततज्ज्ञांनी अशा सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली, ज्यांच्या यकृतास गुळवेलीच्या सेवनानंतर सूज आली होती. केंद्रीय आयुष मंत्रालयाने या निष्कर्षाशी असहमती दर्शविली. गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असावी असे त्याचे म्हणणे होते. वाद तज्ज्ञांनी सोडवावा. सामान्य माणसाच्या दृष्टीने दोन्ही बाजूंतून एकच धडा निघतो : वेल ओळखण्यात चूक होऊ शकते, मात्रा चुकू शकते, आणि ज्याचे यकृत आधीच दुबळे आहे त्याने तर विचारल्यावाचून काढा घेऊ नये.

जेष्ठमधाचे उदाहरण त्याहून साधे. खोकल्यावर दोन दिवस चघळलेली काडी बहुतेकांना सुखावह असते. परंतु तेच जेष्ठमध महिनोन्‌महिने अधिक प्रमाणात घेतल्यास शरीरातील पोटॅशियम घटते व रक्तदाब चढतो. रक्तदाबाच्या रुग्णाने घशासाठी नित्य जेष्ठमध घ्यावे आणि गोळी लागू पडत नाही म्हणून डॉक्टरांना दोष द्यावा, असा प्रकार होऊ शकतो. कारले-मेथीचा अर्क आणि साखरेची गोळी एकत्र आल्यास साखर प्रमाणाबाहेर उतरू शकते. म्हणून डॉक्टरांपुढे बसल्यावर काढा, चूर्ण, अर्क जे काही चालू असेल ते न लाजता सांगावे.

बाजारातील तयार पुड्यांविषयी तर अधिक सावधगिरी हवी. २००४ साली अमेरिकेतील बोस्टन परिसरातील दुकानांतून दक्षिण आशियात बनलेली सत्तर आयुर्वेदिक उत्पादने तपासण्यात आली. त्यांपैकी चौदांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. आयुर्वेदात धातूंचे शोधन-मारण सांगितलेले आहे, हे खरे. पण ती प्रक्रिया कोणी, कशी केली याची खात्री नाव-पत्ता नसलेल्या पुडीवरून कशी पटावी? सांधेदुखीवर ‘एका दिवसात गुण’ देणाऱ्या बिननावाच्या भुकटीत स्टिरॉइड मिसळलेले असल्याचेही प्रकार वारंवार उघडकीस आले आहेत. अशा वेळी रुग्ण आपण झाडपाला घेत आहोत असे समजतो आणि प्रत्यक्षात तीव्र रसायन बिनचिठ्ठीचे घेत असतो.

एवढे सांगितल्यावर गोळीची बाजू निर्दोष आहे असा समज होऊ नये. साध्या सर्दी-पडशासाठी ॲन्टिबायोटिक मागणारे रुग्ण आणि न विचारता देणारे विक्रेते, दोघेही समाजाचे नुकसान करतात. सर्दी विषाणूंमुळे होते. ॲन्टिबायोटिक जिवाणूंवर चालते. निष्कारण वापरामुळे जिवाणू निबर होतात आणि खरी गरज पडते तेव्हा औषध लागू पडत नाही. या कारणानेच केंद्र शासनाने २०१३ साली काही महत्त्वाच्या औषधांसाठी ‘एच-१’ ही स्वतंत्र अनुसूची केली व त्यांच्या विक्रीची नोंद ठेवणे दुकानदारास बंधनकारक केले. वेदनाशामक गोळ्या वर्षानुवर्षे मनाने घेतल्यास मूत्रपिंड दुबळे होते, जठरात व्रण पडतात.

वेदनाशामकाची एक कथा तर जीवदया व गोशाळा यांच्याशी संबंध असणाऱ्यांनी लक्षात ठेवावी अशी आहे. ‘डायक्लोफेनॅक’ हे औषध आजारी गुरांना दिले जाई. अशी मेलेली गुरे खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. भारतातील गिधाडांच्या प्रमुख जातींची संख्या नव्वद टक्क्यांहून अधिक घटली. अखेर २००६ साली गुरांसाठी त्याच्या वापरावर बंदी घालण्यात आली. गाईची वेदना शमविण्याच्या सद्‌हेतूने दिलेले औषध आकाशातील पक्ष्यांचा काळ ठरले. हेतू शुद्ध असूनही ज्ञान अपुरे असेल तर हिंसा घडते, याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

काही प्रसंग असे असतात की तेथे तुलनेला वावच नसतो. विंचूदंश हा त्यांपैकी एक. जालना जिल्ह्यातील एका खेड्यात जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर महाड परिसरात सेवा करीत असताना लाल विंचवाच्या दंशाने दगावणारी मुले व शेतकरी त्यांनी पाहिले. मंत्र, झाडपाल्याचा लेप, उतारा यांत घटका निघून जात आणि इकडे हृदय खचून फुफ्फुसांत पाणी भरे. त्यांनी रुग्णाच्या उशाशी बसून लक्षणे टिपली आणि मुळात रक्तदाबासाठी असलेली ‘प्राझोसिन’ ही गोळी या विषबाधेत उपयोगी पडते असे दाखविले. १९८६ साली ते संशोधन लॅन्सेट या विख्यात नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पूर्वी गंभीर रुग्णांत चाळीस टक्क्यांपर्यंत असलेले मृत्यूचे प्रमाण या उपचाराने एक-दोन टक्क्यांपर्यंत खाली आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री देऊन गौरविण्यात आले. शेतात राबणाऱ्या या परिसरातील लोकांनी ही गोष्ट मुलाबाळांना सांगावी. विंचू, साप, छातीत कळ, अर्धांग लुळे पडणे, तीव्र दम लागणे, या प्रसंगी घरगुती उपायांत घालविलेला प्रत्येक क्षण महाग पडतो.

याउलट जेथे घरगुती उपाय पुरेसा आहे, तेथे गोळीचा आग्रह अनाठायी ठरतो. बद्धकोष्ठासाठी इसबगोल डॉक्टरही लिहून देतात. मात्र ते भरपूर पाण्याबरोबर घ्यावे व अन्य गोळ्यांपासून वेळेचे अंतर राखावे. हगवणीत मीठ-साखर-पाण्याचे महत्त्व तर १९७१ साली साऱ्या जगाने पाहिले. बांगलादेश युद्धातील निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली आणि शिरेतून द्यावयाचे सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज मोजून पाण्यात मिसळून पाजण्यास सांगितले. तीस टक्क्यांच्या आसपास पोहोचलेला मृत्युदर चार टक्क्यांच्या खाली आला. स्वयंपाकघरात सापडणाऱ्या वस्तूच तेथे उपयोगी पडल्या. परंतु त्या मोजून घेतल्या होत्या, हे विसरून चालणार नाही.

अहिंसेच्या दृष्टीने या प्रश्नाकडे पाहणे जैन श्रावकास क्रमप्राप्त आहे. जैन परंपरेने वैद्यकाला परके मानले नाही. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष याच्या काळातील उग्रादित्याचार्यांचा ‘कल्याणकारक’ हा संस्कृत वैद्यकग्रंथ मद्य, मांस व मधु यांच्यावाचून चिकित्सा कशी करावी हे सांगतो. १९४० साली तो सोलापूर येथून प्रकाशित झाला. हजार वर्षांपूर्वीच्या त्या आचार्यांनी ‘नैसर्गिक आहे, म्हणून ग्राह्य आहे’ असे म्हटले नाही. प्रत्येक द्रव्य कोठून आले हे त्यांनी विचारले. तोच प्रश्न आजही विचारावा. कित्येक अवलेहांत मध असतो, आसव-अरिष्टांत मद्यार्क आपोआप तयार होतो, शंख, मोती व प्रवाळ यांची भस्मे सजीवांपासूनच येतात. दुसरीकडे कॅप्सूलचे आवरण बहुधा जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेल्या जिलेटिनचे असते. पण वनस्पतिजन्य आवरणही उपलब्ध आहे आणि पुष्कळदा तेच औषध साध्या गोळीच्या रूपातही मिळते. इन्सुलिन अनेक दशके डुकरे व गाई यांच्या स्वादुपिंडापासून काढले जाई. १९८२ पासून जिवाणूंच्या साहाय्याने प्रयोगशाळेत केलेले इन्सुलिन बाजारात आले आणि त्यासाठी जनावरांच्या अवयवांवर अवलंबून राहण्याची गरज उरली नाही. येथे प्रयोगशाळेनेच हिंसा कमी केली, हे प्रांजळपणे मान्य करावयास हवे.

याच संदर्भात व्रत-उपवासांचा विचार आवश्यक आहे. पर्युषणात उपवास, अठ्ठाई, चौविहार यांचा उत्साह अनुमोदनीय आहे. परंतु इन्सुलिन किंवा साखर वेगाने उतरविणाऱ्या काही गोळ्या चालू असताना अन्न बंद केल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. आणि रक्तदाब, हृदयविकार वा फेफरे यांवरील गोळ्या अचानक थांबविल्यास प्राणावर बेतू शकते. तपस्या आरंभण्यापूर्वी पंधरा दिवस डॉक्टरांची भेट घ्यावी. अनेक औषधांची वेळ सूर्योदयानंतर व सूर्यास्तापूर्वी बसविता येते. कोणती मात्रा कमी करावी हे तेच सांगू शकतात. जेथे तसे जमत नाही तेथे गुरुभगवंतांना विचारावे. प्रत्याख्यानांत आगार ठेवलेले असतात आणि समाधी टिकावी म्हणून औषधाची मोकळीक देणारा आगारही त्यांत आहे. पूर्वाचार्यांनी रुग्णाची आठवण ठेवली होती; रुग्णाने आणि त्याच्या कुटुंबाने ती विसरू नये.

या साऱ्या विवेचनाचे सार चार गोष्टींत सांगता येईल. चालू असलेले औषध ज्याने लिहून दिले त्याला विचारल्यावाचून बंद करू नये. वैद्य असो वा डॉक्टर, तो नोंदणीकृत आहे याची खात्री करावी व एकाला दुसऱ्याचे औषध सांगावे. मधुमेह, कर्करोग, फेफरे ‘मुळापासून बरे’ करण्याची जाहिरात दिसली की सावध व्हावे. अशा रोगांवरील औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने मनाई केलेली आहे. आणि गुण आला की नाही हे वाटण्यावर न सोडता मोजून पाहावे.

शेजारच्या शेगावात श्री गजानन महाराज संस्थानाच्या सेवाकार्यात ॲलोपॅथी, आयुर्वेद व होमिओपॅथी या तिन्ही पद्धतींचे दवाखाने चालत आले आहेत. सेवाभावी संस्थेने पद्धतींच्या भांडणात पडण्याचे कारण नाही, हे त्यावरून दिसते. सुवर्णमहोत्सवानंतरच्या वाटचालीत औषधदानाला मोजमापाची जोड देता येईल. उपाश्रयाच्या वा मंदिराच्या ओसरीत महिन्यातून एकदा रक्तदाब व साखर तपासावी, प्रत्येकाच्या नावाची वही ठेवावी, गरजूंना जेनेरिक औषधे स्वस्तात मिळवून द्यावीत आणि पर्युषणापूर्वी तपस्वींची तपासणी करावी. खर्च फार नाही. मुंबईच्या रुग्णालयात सर्पगंधेच्या मुळाचे चीज झाले ते पन्नास रुग्णांच्या नोंदवहीमुळे. पिंपळगाव राजा येथील अशा एका वहीमुळे एखाद्या घरातील आजोबांचा पक्षाघात टळला, तर ते औषधदान सार्थकी लागले असे समजावे.

सर्वांना आरोग्य व समाधी लाभो. जय जिनेंद्र.